माईंच्या डब्यातल्या चार वेदनाशामक गोळ्या: एक प्रकरण अभ्यास

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन आठवडा उलटला होता. पहाटे साडेपाचला सून चहासाठी उठवायला गेली, तर माई डोळे उघडे ठेवून नुसत्या छताकडे बघत होत्या. अंग घामाने थबथबलेलं. नाव विचारलं तर उत्तर नाही, हात उचलायला सांगितला तर दोन्ही हात तसेच पडलेले. घरच्यांना वाटलं पॅरालिसिसचा झटका आला. शेजारच्या गाडीतून त्यांना गोव्यात फोंड्यातल्या आमच्या छोट्या नर्सिंग होमला आणलं तेव्हा सहा वाजून गेले होते.

घरात सगळे त्यांना माई म्हणतात. इथेही तेच नाव ठेवतो, बाकीचे ओळखीचे तपशील बदलले आहेत. वय ६९, वजन ५२ किलो, निवृत्त मराठी प्राथमिक शिक्षिका. मधुमेह आणि रक्तदाब जुने. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या एका धमनीत स्टेंट घातलेला. गुडघे झिजलेले, पण ही शेवटची गोष्ट त्या सकाळी कोणी सांगितली नाही.

ग्लुकोमीटरवर साखर ४१ आली. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर माई काही मिनिटांत भानावर आल्या आणि "हांव खंय आसां?" (मी कुठे आहे?) म्हणून विचारू लागल्या. मुलगा तेवढ्यावर घरी न्यायला निघाला. त्याचं म्हणणं साधं होतं: दोन दिवस जुलाब, जेवण नाही, पण साखरेची गोळी चालू, म्हणून साखर उतरली. बहुतेक वेळा हेच कारण असतं आणि मीही त्याला हो म्हणालो असतो. पण तासाभरात साखर पुन्हा ५८ झाली. ड्रिप वाढवली, ती चढली, आणि दुपारी परत घसरली.

साखर अशी वारंवार उतरू लागली की औषध शरीराबाहेर पडत नाहीये असं समजायचं. माई ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी घेत होत्या. ते यकृतात मोडतं, पण मोडून तयार होणारे काही अंशही साखर उतरवतात आणि ते लघवीवाटे जातात. मूत्रपिंड मंदावलं की ते साठत राहतात. लघवीबद्दल विचारलं तेव्हा सून म्हणाली, कालपासून एकदाच झाली, तीही गडद रंगाची.

रिपोर्ट आले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा स्नायूंमधला कचरा, ३.४. युरिया ११८. सोडियम १३१. पोटॅशियम ६.१, म्हणजे हृदयाला धोका होण्याइतकं. बायकार्बोनेट १५, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं. ईसीजीत टी लहरी टोकदार, ही वाढलेल्या पोटॅशियमची खूण. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांचा आकार नेहमीचा, कुठे अडथळा नाही. लघवीत प्रथिनं किंवा रक्तपेशी म्हणाव्या तशा नाहीत. याचा अर्थ मूत्रपिंड आतून सडलेलं नव्हतं, त्याला पुरेसं रक्त पोचत नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट मुलाने मोबाइलवर दाखवला. क्रिएटिनिन १.१. लॅबने त्यापुढे खूण केली नव्हती, कारण छापील मर्यादेत ते बसत होतं. पण ६९ वर्षांच्या बाईला १.१ म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारण मिनिटाला ५४ मि.ली. तिशीतल्या तगड्या पुरुषाला तोच आकडा अगदी ठणठणीत ठरेल. म्हातारपणी स्नायू कमी होतात, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, आणि रिपोर्ट सगळं आलबेल असल्यासारखा दिसतो. माईंच्या मूत्रपिंडाकडे अडीअडचणीला राखीव क्षमता फारशी नव्हती, हे त्या आकड्यावरून घरच्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. माझ्या मते पन्नाशीपुढच्या प्रत्येक रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या शेजारी ही क्षमताही छापून यावी. हल्ली काही लॅब छापतात, सगळ्या नाही.

तरीही मूत्रपिंड एवढं बसावं इतके जुलाब झाले नव्हते. मी औषधं विचारली. "नेहमीचीच." आणखी काही? "नाही." गावठी, आयुर्वेदिक, कोणी दिलेली पावडर? "काही नाही, डॉक्टर." शेवटी विचारलं, गुडघ्याला काय घेतात? त्यावर सुनेने सहज सांगितलं, "ती दुखपाची गुळी? ती तर सगळेच घेतात."

मी तिला घरी जाऊन गोळ्यांचा सगळा डबा आणायला सांगितलं. चिठ्ठी नको, फोटो नको, डबाच.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात

डबा पलंगावर उपडा केला. नेहमीच्या गोळ्या अशा होत्या: रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ ची एकत्र गोळी सकाळी, ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी दोन वेळा, ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोरव्हास्टॅटिन २० ची कॅप्सूल रात्री जेवल्यावर. एकूण तीन प्रकारच्या गोळ्या, पण औषधं सहा. माई म्हणायच्या, मी तीनच घेते. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मग बाकीच्या पट्ट्या निघाल्या.

चवथीच्या आदल्या दिवशी घर सारवणं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधताना खालून फळं चढवून देणं, नेवऱ्या (करंज्या) करायला तासन्‌तास पाटावर बसणं, यात गुडघे गेले होते. घरचा गणपती पाच दिवसांचा, रोज दोन वेळा आरती, त्यात पाहुणे. मुलाने दोन वर्षांपूर्वीच्या हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फार्मसीत दाखवून ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ ची पट्टी आणली. चिठ्ठीत पाच दिवस लिहिलं होतं. माईंनी ती सकाळ-संध्याकाळ नऊ दिवस घेतली. शेवटी झोप लागेना म्हणून दुबईहून भाच्याने आणलेल्या डब्यातली आयब्युप्रोफेन ४०० रात्रीच्या कॅप्सूलबरोबर सुरू केली. विसर्जनानंतर पोट बिघडलं, अंगात कणकण आली, तेव्हा तापाची म्हणून पॅरासिटामॉल ६५० दिवसातून दोनदा. आणि डोकं दुखलं की भाच्याच्याच डब्यातली पॅनाडॉल, दिवसाला दोन. पॅनाडॉल म्हणजेही पॅरासिटामॉल, एका गोळीत ५००. पण आखाती देशांतून आलेल्या पॅकवर नाव निराळं, रंग निराळा, म्हणून घरात ती स्वतंत्र औषध समजली जात होती.

शेवटच्या दोन दिवसांचा हिशेब मांडला. पॅरासिटामॉल तीन पट्ट्यांमधून: ६५० अधिक १३०० अधिक १०००, एकूण २,९५० मि.ग्रॅ. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे कागदावर ती ओलांडलेली नव्हती. पण ५२ किलोची, दोन दिवस उपाशी असलेली म्हातारी बाई आणि कागदावरचा धडधाकट माणूस यांत फरक आहे. अशांसाठी आम्ही २ ग्रॅमच्या आसपास थांबतो. सुदैवाने यकृताचे रिपोर्ट ठीक आले.

खरा घोळ ॲसिक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनचा होता. दोन्ही एकाच कुळातली, सूज आणि दुखणं मारणारी औषधं. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, मेफेनॅमिक ॲसिड ही त्याच घरातली. पॅरासिटामॉल त्या घरातलं नाही, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. या कुळातल्या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने दुखणं दुपटीने कमी होत नाही. पोटाचा आणि मूत्रपिंडाचा धोका मात्र वाढतो.

मूत्रपिंडाच्या चाळणीत नेमकं काय झालं

मूत्रपिंडातल्या प्रत्येक चाळणीत एका बारीक धमनीतून रक्त आत येतं आणि दुसरीतून बाहेर जातं. मधला दाब टिकला तरच लघवी गाळली जाते. गोव्यात खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातल्या, पाण्याची पातळी मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्यांवर राखतात, साधारण तसा हा प्रकार. शरीरात पाणी कमी पडलं की आतली वाट रुंद ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात, आणि बाहेरची वाट आवळून दाब राखायचं काम अँजिओटेन्सिन करतं.

या कुळातल्या वेदनाशामकाचं कामच प्रोस्टाग्लँडिन थांबवणं. त्याने गुडघ्याची सूज उतरते आणि चाळणीची आतली वाटही आवळते. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं, त्यामुळे बाहेरची वाट सैल. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकतं, आणि त्यावर जुलाबांनी उरलेलं पाणीही नेलं. आत येणारं रक्त कमी, बाहेर जायची वाट मोकळी, एकूण पातळीच खाली. गाळणार काय?

या तीन औषधांच्या गाठीवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली एक मोठा अभ्यास आला होता. ब्रिटनमधल्या रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. वेदनाशामक आणि रक्तदाबाचं एकच औषध अशा जोडीत धोका वाढलेला दिसला नाही. तिन्ही एकत्र आल्यावर मूत्रपिंड अचानक बिघडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त होतं, आणि पहिल्या ३० दिवसांत ८२ टक्क्यांनी. "चारच दिवस घेतोय, त्याने काय होतं" या समजुतीला हा शेवटचा आकडा सरळ छेद देतो. माईंचे तर नऊ दिवस झाले होते.

पोटॅशियमचं कोडं उरलं होतं. मूत्रपिंड बसलं आणि टेल्मिसार्टन आत असलं की ते वाढतंच. पण ६.१ मला जास्त वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, अशक्तपणा जावा म्हणून घरच्या माडाची आडसरं (शहाळी) काढून दिवसाला तीन-तीन पाजली होती. शहाळ्याच्या १०० मि.ली. पाण्यात साधारण २५० मि.ग्रॅ. पोटॅशियम असतं आणि सोडियम त्या मानाने फार थोडं. जुलाबात शरीरातून मीठ जातं, म्हणून मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस हवं. मूत्रपिंड ठीक असेल तर आडसराने कोणाचं बिघडत नाही. माईंचं ठीक नव्हतं. मीठ घातलेली पेज त्यांना जास्त मानवली असती.

रात्रीच्या ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन या जोडीबद्दलही सांगायला हवं, कारण तिचा त्रास दिसत नाही. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेटना चिकटून त्यांचं गुठळ्या करणं बंद पाडतं, आणि स्टेंट त्यावर टिकतो. आयब्युप्रोफेन त्याच जागी जाऊन बसतं. काही तासांनी ते उठून जातं, पण तोवर ॲस्पिरिन रक्तातून नाहीसं झालेलं असतं, कारण ते अर्ध्यावर यायला वीस मिनिटंही लागत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्येच सांगितलं आहे की आयब्युप्रोफेन ४०० घ्यायचीच असेल तर ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने, किंवा आठ तासांहून अधिक आधी. हे साध्या ॲस्पिरिनचं झालं. आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या ॲस्पिरिनला हे वेळापत्रकही लावता येत नाही. माई दोन्ही एकाच घोटाबरोबर घेत होत्या. स्टेंट बंद पडला नाही, ईसीजीत आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीत हार्ट अटॅकची खूण सापडली नाही. पोटातून रक्तस्रावही झाला नव्हता.

जाता जाता ॲसिक्लोफेनॅकबद्दल एक गोष्ट. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून भारताने २००६ मध्ये त्याचा जनावरांसाठी वापर बंद केला. ॲसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं हे कळल्यावर २०२३ मध्ये तेही बंद केलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे मान्य. गिधाडाला लागते ती मात्रा फारच कमी. पण हे औषध मूत्रपिंडाला नेहमीच निरुपद्रवी असतं असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

उपचार करताना

पोटॅशियम एकदम खाली आणायचं तर इन्सुलिन आणि ग्लुकोज हा नेहमीचा मार्ग. इथे साखर आधीच ४१ ला जाऊन आली होती, त्यात इन्सुलिन कोण देईल? हृदयाला सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, सालब्युटामॉलची वाफ दिली, सलाइन, बायकार्बोनेट आणि पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर. सोबत १० टक्के डेक्स्ट्रोजची ड्रिप आणि दर तासाला साखर. डायलिसिस लागलं तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हलवायचं, म्हणून १०८ ची रुग्णवाहिका कधीही लागेल असं मुलाला सांगून ठेवलं. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डब्यातली सगळी वेदनाशामकं बंद. ॲस्पिरिन ठेवलं, स्टेंटसाठी. मेटफॉर्मिन मूत्रपिंडाला इजा करत नाही, पण मूत्रपिंड बसल्यावर ते साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं.

रात्री आठच्या सुमाराला लघवी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ५.१. ग्लिमेपिराइडचा असर मात्र दीड दिवस रेंगाळला, ड्रिप कमी केली की साखर खाली. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.६, सातव्या दिवशी १.६. माई घरी गेल्या.

पण गुडघ्याचं काय?

अशा प्रकरणांत आम्ही डॉक्टर सहसा "पेनकिलर अजिबात घ्यायचे नाहीत" असं लिहून मोकळे होतो. मला हे पटत नाही. दुखणं खरं आहे, ते उद्याही असणार, आणि पर्याय दिला नाही तर तो डबा पुन्हा उघडणार.

एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजलेली दिसत होती. पॅरासिटामॉल ५००, लागेल तेव्हा, दिवसातून जास्तीत जास्त चार, आणि घरात पॅरासिटामॉलची एकच पट्टी. भाच्याचा डबा सुनेने परत केला. गुडघ्याला मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम, डोळ्यांना हात न लावण्याच्या ताकिदीसह. डायक्लोफेनॅकच्या जेलमधून साधारण ६ टक्केच औषध रक्तात जातं, त्यामुळे पुष्कळ जणांना ते चालतं. माईंना मात्र पहिले काही आठवडे तेही नको म्हटलं. ट्रामाडॉल या वेगळ्या कुळातल्या वेदनाशामकाचा विचार केला आणि सोडून दिला: चक्कर, बद्धकोष्ठ, आणि त्याने साखर उतरल्याच्याही नोंदी आहेत. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, पण त्याने मधुमेह्यांची साखर काही दिवस भडकते, म्हणून ते राखीव ठेवलं.

सगळ्यात जास्त गुण आला तो मांडीचे स्नायू बळकट करण्याच्या व्यायामाने. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायची. पाटाऐवजी उंच स्टूल, न्हाणीघरात कठडा, आणि आरतीला खुर्ची. खुर्चीवरून थोडा वाद झाला. देवासमोर खुर्ची कशी, असं माईंचं म्हणणं. भटजींनीच "बसा, माई" म्हटल्यावर तो मिटला.

औषधंही बदलली. ग्लिमेपिराइड कायमचं बंद, त्याजागी लिनाग्लिप्टिन ५, ज्याची मात्रा मूत्रपिंड मंद असलं तरी बदलावी लागत नाही. क्लोरथॅलिडोनच्या जागी ॲम्लोडिपिन ५. टेल्मिसार्टन सहा आठवड्यांनी परत सुरू केलं, कारण मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला दीर्घकाळ त्याचा फायदाच होतो. दोष त्याचा नव्हता, संगतीचा होता. मेटफॉर्मिन निम्म्या मात्रेने सुरू झालं.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. माईंनीच स्वतःच्या मास्तरीण अक्षरात लिहिला: जुलाब, उलट्या, किंवा ताप आणि जेवण बंद, यांपैकी काही झालं तर त्या दिवशी टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा, नीट जेवू लागल्यावर परत सुरू. खाली दुसरी ओळ, जाड पेनने: नवी गोळी डब्यात टाकायच्या आधी पट्टीवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायचं. पावसाळी तापासाठी मी तिसरी ओळ घालायला लावली. गोव्यात पावसाळ्यात डेंग्यू असतो, त्यात या कुळातल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तापात फक्त पॅरासिटामॉल.

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ वर येऊन थांबलं. क्षमता ४९. आधीचे ५४ परत मिळाले नाहीत.

आता हाडांचे डॉक्टर उजवा गुडघा बदलायचा म्हणतात, आणि माई तयार आहेत. शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा किटोरोलॅकचं इंजेक्शन बहुतेक ठिकाणी ठरलेलंच असतं, ऑर्डर शीटवर ते आपोआप येतं. म्हणून मी भूलतज्ज्ञांना आधीच पत्र दिलं आहे: मांडीजवळच्या मज्जातंतूला भूल देऊन दुखणं कमी करावं, शिरेतून पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, आणि या कुळातलं एकही औषध नको. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने नोंद केली आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी टेल्मिसार्टन द्यायचं की नाही, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.